चाळीस लिटरची सॅक

दुसऱ्या खेपेत वरचा ओढा ओलांडून झाला आणि व्हर्लीनने सॅकचा डावा पट्टा खांद्यावरून बोटभर सरकवला. पट्ट्याखालची कातडी सोलवटून निघाली होती. तिने एक कचकचीत शिवी हासडली. मागोमाग "देवा, माफ कर," असंही ती म्हणाली. पण ती माफी जिभेपुरती होती. ज्याला शिवी घातली त्याची माफी मागायचा तिचा काडीइतकाही विचार नव्हता.

"ऑरिनला?" मागून तिच्या मैत्रिणीने, आर्डिसने, विचारलं.

"मग काय सॅकला घालू? सॅकचा काय दोष गं? ती बिचारी डबा आणि रेनकोट न्यायला शिवलीय. दोष देणाऱ्याचा."

"आणि घेणाऱ्याचा?"

व्हर्लीन थांबली. वळून बघावं म्हटलं तर वळता येईना. सॅकमध्ये तिचा बिछाना, तंबू आणि उरलंसुरलं खाणं कोंबलेलं होतं. तेवढ्यावरच सॅक गळ्यापर्यंत भरली होती. म्हणून एल्कच्या, म्हणजे डोंगरातल्या मोठ्या हरणाच्या, मांसाची पांढरी कापडी पिशवी सॅकच्या डोक्यावर दोरीने बांधली होती. मान जराशी वळवली की ते ओझं सगळ्या अंगासकट तिला मागे ओढायचं, एखादं हट्टी पोर पाठीवर बसून केस ओढतं ना, तसं.

"घेणारीचाही," ती पुढे बघतच म्हणाली. "तिला तर मी सर्वांत आधी शिव्या दिल्यात. काल सकाळपासून देतेय."

काल सकाळी, ऊन डोंगराच्या खांद्यावर येतंय न येतंय तोच तिने तो नर पाडला होता. एका गोळीत. आयडाहोच्या त्या भागात एल्कच्या परवान्याची सोडत निघते. सतरा वर्षं तिने अर्ज भरला आणि सतरा वर्षं तिचं नाव निघालं नाही. अठराव्या वर्षी निघालं तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. नर पडल्यावर तिने डोक्यावरची टोपी काढली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तिचे वडील म्हणायचे तसे देवाचे आभार मानले. मग दोघी जणी बाह्या सारून कामाला लागल्या. कातडं सोडवलं, मांस हाडांपासून मोकळं केलं, पिशव्या भरून सावलीत टांगल्या. दुपारी पहिली खेप दोन मैल खाली आणून खालच्या ओढ्याकाठच्या गारव्यात टांगली आणि रिकाम्या पाठीने परत वर गेल्या. आजची ही दुसरी. आणि तरी एक मागची मांडी वरच राहिली होती, झऱ्याजवळच्या पाइनच्या झाडाला लटकत.

सप्टेंबर महिना असूनही उन्हाळा हटत नव्हता. दुपारी अंगाची लाही व्हायची, रात्री दहिवरही पडत नव्हतं. काल टांगलेलं मांस आज संध्याकाळच्या आत बर्फात गेलं नाही तर आंबणार, हे व्हर्लीनला कुणी सांगायला नको होतं. चाळीस वर्षं ती घरात आलेलं जनावर कापत आली होती. आंबलेल्या मांडीला सुरी लावली की जो वास सुटतो, तो तिने दोनदा घेतला होता आणि दोन्ही वेळा आणणाऱ्याला दारातून हाकललं होतं. एकदा तो आणणारा तिचा नवरा लाइल होता. जीव घेतला तर तो वाया घालवायचा नाही. यापलीकडे धर्म म्हणून काही वेगळं असतं असं तिला कधी वाटलं नाही.

आणि ती मांडी वर राहिली होती ती केवळ या सॅकमुळे.

व्हर्लीनचे वडील, आयव्हर टॉलेफसन, दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी स्वयंपाकघरात सॅक तपासायला बसायचे. आधी बिछाना, तंबू, पाच दिवसांचं खाणं, लोकरीचे कपडे असं सगळं आत भरायचं. मग त्यावर पन्नास पौंडांची पिठाची गोणी ठेवायची. गोणी बसली नाही तर सॅक लहान. गोणी बसून वर जागा उरली तर सॅक मोठी. "जागा दिसली की माणूस भरतो," असं म्हणून ते ती जास्तीची जागा दोरीने आवळून टाकायचे. मग ती सॅक पाठीवर घालून दफनभूमीच्या टेकडीपर्यंत जायचं आणि यायचं. ज्याचे खांदे दुखतील त्याची सॅक नापास. दुखायची तर कंबर दुखली पाहिजे, कारण ओझं कंबरेने पेलायचं असतं. ही तपासणी ते मुलाची घ्यायचे. व्हर्लीनचं काम गोणी उचलून द्यायचं. धाकटा भाऊ ऑरिन तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान; त्याला गोणी उचलवायची नाही म्हणून ती उचलून द्यायची.

परवाना निघाल्यावर जुलैत ती तालुक्याच्या गावी दुकानात गेली. तिथल्या पोरसवदा माणसाने टेप घेतला आणि मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत तिची पाठ मोजली. "तुमची पाठ आखूड आहे बाई, तुम्हाला छोटी चौकट लागेल, पण सॅक पासष्ट लिटरचीच घ्या. आणि पिशवी चौकटीपासून सुटी होते, मध्ये मांस घालून आवळता येतं," असं म्हणाला. व्हर्लीन घरी आली तेव्हा तिला उगाच लाजल्यासारखं होत होतं. जन्मात पहिल्यांदा कुणी तिच्या पाठीचं माप घेतलं होतं. तिने वडिलांसारखीच गोणी भरली, टेकडी चढली, उतरली. कंबर दुखली. खांद्यांना काही नाही. सॅक पास.

आणि मग तिला शिकारीसाठी निरोप द्यायला चर्चच्या हॉलमध्ये समारंभ झाला.

"तू टाळ्या वाजवल्यास त्या दिवशी," व्हर्लीन आता म्हणाली.

"सगळ्यांनी वाजवल्या. मी काय हात खिशात घालून बसू?" आर्डिस म्हणाली. आर्डिस अठ्ठावन्न वर्षांची. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती आणि कुणाचंही मन राखायला खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांची जुनाट चौकट होती, रंग उडालेली, चालताना कुरकुरणारी. पण त्या चौकटीवर बिछाना आणि मांसाच्या दोन पिशव्या अशा बसल्या होत्या, जणू तिथेच वाढल्या. "सॅक जांभळी होती. फीत बांधलेली. केकसुद्धा होता."

"केक मीच केला होता."

"तेही खरंच."

ऑरिनने तिला भेट आणलेली ती जांभळी सॅक हात उंच करून सगळ्यांना दाखवली होती. "आमची व्हर्ली बंदूक चालवेल! हमाली करायला आम्ही आहोत! तू फक्त निरोप धाड, सहा तासांत मी घोडे घेऊन हजर!" लोक हसले, टाळ्या वाजल्या. पास्टरनी डोळे मिटून भावाबहिणीच्या प्रेमाबद्दल दोन शब्द सांगितले. ऑरिनच्या बायकोने कानात सांगितलं, की रंग तिने निवडलाय. आणि व्हर्लीन हसली. नुसती हसली नाही, घरी जाऊन पासष्ट लिटरची सॅक स्वतःच्या हातांनी माळ्यावर टाकली. भावाला काय वाटेल म्हणून. वहिनीला काय वाटेल म्हणून.

"चाळीस लिटर पुष्कळ झाली गं तुला," ऑरिन म्हणाला होता. "पासष्टची बायकांना शोभत नाही. आणि तुझी पाठ बघ."

"माझी पाठ बघ म्हणे!" जळक्या रानाची सुरुवात दिसू लागली तशी व्हर्लीनचा आवाज चढला. "सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पिठाच्या गोण्या कुणी उचलल्या? ट्रकवाला दाराशी टाकून जायचा. पन्नास पौंडांची एकेक. हेडमास्तर खिडकीतून बघायचे आणि 'गुड मॉर्निंग' म्हणायचे. लाइल चौदा महिने अंथरुणावर होता. त्याला दिवसातून चारदा या कुशीवरून त्या कुशीवर कुणी वळवलं? दोनशे पौंडांचा माणूस! तेव्हा ऑरिन महिन्यातून एकदा यायचा, कॉफी प्यायचा आणि म्हणायचा, व्हर्ली, तू म्हणजे लोखंड आहेस. तेव्हा कुणाला माझी पाठ दिसली नाही. आता माझ्या नावाने परवाना निघाला, तर अख्ख्या गावाला माझी पाठ दिसायला लागली!"

"हळू बोल, अस्वलं उठतील."

"उठू देत. मला आज कुणीतरी समोर हवंच आहे."

पुढे अर्धा मैल दोन वर्षांपूर्वीच्या वणव्यात जळलेलं रान आडवं पडलं होतं. काळे बुंधे एकमेकांवर असे कोसळलेले, की पायवाट कुठे गेली ते शोधावं लागायचं. इथून घोडं जाणार नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पाच दिवसांपूर्वी वर जातानाच व्हर्लीनने त्या उपग्रहावरून निरोप धाडायच्या डबीवरून भावाला कळवलं होतं: 'झाडं पडलीत. अर्धा मैल. घोडे येणार नाहीत. सॅक घेऊन चालत ये.' त्याचं उत्तर आलं, 'ठीक.' काल नर पाडल्यावर पुन्हा धाडला. तर उत्तर आलं, 'उद्या सकाळी येतो, घोड्याची नाल निघालीय.' सहा तास गेले, रात्र गेली, आता दुपार झाली होती.

एकेक बुंधा येई तशी व्हर्लीन त्याच्यावर पोट टेकायची, एक पाय पलीकडे टाकायची आणि डोक्यावरचं ओझं पुढे झुकून तिचं नाक लाकडाला घासायचं. कोळशाने तोंड काळं झालं. चौथ्या की पाचव्या बुंध्यावर सॅकची कड एका तुटक्या फांदीत अडकली. तिने हिसडा दिला. कापड फाटल्याचा आवाज आला आणि डाव्या पट्ट्याची शिवण अर्धी उसवली.

"थांब, ती वरची पिशवी मला दे," आर्डिस म्हणाली.

"नको."

"अगं, मला जड नाही."

"तुला जड नाही ते मला दिसतंय! तुझ्याकडे चौकट आहे. मला तुझा राग येतोय आता, बोलू नकोस." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "राग तुझा नाही. पण बोलू नकोस."

उसवलेला पट्टा तिने मुठीत धरला आणि उरलेलं अंतर तशीच चालली. मनात ती प्रार्थना करत होती. नेहमी तिची प्रार्थना लांबलचक असे, गावातल्या आजारी माणसांची नावं घेत घेत. आज ती एवढीच होती: देवा, मांस वाचव, आणि मला आज राग गिळायला सांगू नकोस. चाळीस वर्षं गिळलाय.

जळकं रान संपलं. ओढ्याचा गारवा लागला, आणि त्याबरोबर कॉफीचा वास.

ऑरिन एका बुंध्यावर बसला होता. शेजारी स्टोव्ह, हातात कप, मांडीवर अर्धं खाल्लेलं सॅन्डविच. दोन घोडे सावलीत बांधलेले, पाठीवर खोगीर आणि रिकामे झोळे. काल टांगलेल्या मांसाच्या पिशव्या त्याच्या डोक्यापासून चार हातांवर तशाच लटकत होत्या. बाजूला हातकरवत पडली होती आणि पहिले दोन बुंधे कापून बाजूला सारलेले दिसत होते. त्यापुढे तिसरा होता, माणसाच्या छातीएवढा जाड. त्याला करवतीची बोटभर खूण होती.

"आल्या! आल्या माझ्या वाघिणी!" तो उठला. "केवढी झाडं पडलीत गं व्हर्ली! मला वाटलं दोनचार असतील."

"मी अर्धा मैल लिहिलं होतं."

"हो, पण बायका अंतर जरा..." तिच्या काळ्या झालेल्या तोंडाकडे बघून त्याने वाक्य तिथेच सोडलं. "कॉफी घेतेस?"

"कधी आलास?"

"नऊला."

"आता एक वाजलाय."

"अगं, घोडे पुढे येईनात. मी काय करणार?"

"चालायचं, ऑरिन. पाय दिलेत देवाने. दोन मैल आहे. वर यायचं, एक ओझं घ्यायचं आणि खाली यायचं. एव्हाना तुझं एक ओझं आलंही असतं."

"कशातून आणू? हातातून?" ऑरिनने दोन्ही तळवे पुढे केले. "सॅक नाही आणलेली मी. घोड्यावर यायचं म्हटल्यावर सॅक कोण आणतं?"

आर्डिसने खाली बघून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"ऐंशी लिटरची आहे तुझी," व्हर्लीन हळू आवाजात म्हणाली. तो आवाज ऐकून घोड्यांनी सुद्धा कान टवकारले असतील. "आबांच्या गोणीवर पास झालेली. बत्तीस वर्षं दरवर्षी घेऊन जातोस. आणि या वर्षी, मी कळवलं असताना, ती घरी ठेवून आलास. मला चाळीसची दिलीस आणि स्वतः शून्याची आणलीस."

"अगं, चांगल्या मनाने दिली होती ती! तुला त्रास नको म्हणून—"

"हा बघ त्रास नसलेला खांदा." तिने शर्टाची कॉलर बाजूला ओढली. ऑरिनने मान फिरवली. "बघ म्हणतेय ना! तिकडे कुठे बघतोस? तुझ्या चांगल्या मनाने एक मांडी वर राहिलीय, ऑरिन. झऱ्याजवळ. संध्याकाळपर्यंत ती आंबली, तर तो जीव वाया गेल्याचं पाप कुणाच्या खात्यात? तुझ्या की माझ्या? मी सांगते, माझ्या. कारण मला ठाऊक होतं काय लागतं, मी टेकडी चढून तपासलं होतं, आणि तरी तुझ्या टाळ्यांपुढे गप्प बसले."

ऑरिनच्या हातातली कॉफी निवत चालली होती. तो मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा, मनाने वाईट नसलेला माणूस होता. गावात कुणाची गाडी बर्फात रुतली तर पहिला फोन त्यालाच जायचा. बहिणीने कधी आवाज चढवला नव्हता, म्हणून ऐकायचीही त्याला सवय नव्हती. त्याला जे पहिलं सुचलं ते तो बोलला.

"शिंगं कुठेत?"

"वर."

"वर? वर टाकून आलात? केवढा नर म्हणे तो! अगं, एखादं अस्वल नाहीतर दुसरा शिकारी उचलून नेईल. आधी ती आणायला हवी होती. हॉलच्या भिंतीवर लावायची, मी पास्टरना सांगूनसुद्धा ठेवलंय."

मांस आधी, शिंगं शेवटी. डोंगरातून शेवटचा तुकडा उतरल्याशिवाय शिंगांना हात लावायचा नाही. आयव्हर टॉलेफसनच्या घरात हे पोरांना 'आमच्या पित्या' ही प्रार्थना म्हणायला शिकवायच्या आधी शिकवत. ऑरिनलाही ते ठाऊक होतं. तोंडून शब्द गेल्यावर त्याचे कान लाल झाले, पण गेलेला शब्द गेला.

व्हर्लीन ओरडली नाही. तिने खाली बसून सॅक उतरवली. दोरी सोडली, वरची मांसाची पिशवी काढून ओढ्यावरच्या फांदीला टांगली. बिछाना बाहेर काढला, तंबू बाहेर काढला, खाण्याची पुरचुंडी बाहेर काढली. सॅक उलटी करून झटकली. मग उसवलेल्या पट्ट्याला दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या आणि ती जांभळी सॅक तिने ऑरिनच्या छातीवर फेकली. कॉफी त्याच्या शर्टावर सांडली.

"घाल."

"मला कशी होईल ही? ही बायकांच्या मापाची—"

"चाळीस लिटरची आहे. पुष्कळ झाली म्हणाला होतास. घाल."

त्याने घातली. कंबरेचा पट्टा त्याच्या पोटावरून पुढे येईना आणि छातीचा बक्कल लागेना. सॅक त्याच्या पाठीवर शाळकरी पोराच्या दप्तरासारखी लोंबू लागली. आर्डिसला हसू आलं. तिने ते खोकल्यात दडवायचा यत्न केला आणि तो साफ फसला.

"आर्डिसची चौकट दे ना निदान," तो काकुळतीने म्हणाला.

"ही?" आर्डिसने आपल्या कुरकुरत्या नळ्यांवर हात ठेवला. "ही माझ्या कंबरेची आहे, ऑरिन. आणि मला कुणी विचारलेलंही नाही."

"व्हर्ली, अगं एवढं चढून जायचं, त्यापेक्षा आपण सगळे मिळून—"

"सगळे मिळून नाही. मी हे सगळं मांस घोड्यांवर घालते आणि खाली नेते. तीन मैल आहे, पिकअपमध्ये बर्फ आहे, दोन तासांत सगळं बर्फात जाईल. घोडे मला ओळखतात. तू वर जायचं. हाड काढलेलंच आहे, पन्नास पौंडांच्या आसपास भरेल. पिठाच्या गोणीएवढी. मी उचलायचे तेवढी." ती त्याच्या अगदी जवळ गेली आणि सॅकचे दोन्ही पट्टे ओढून घट्ट केले, लहानपणी शाळेत धाडताना त्याच्या कोटाची बटणं लावायची तसे, पण चेहऱ्यावर त्या वेळची माया नव्हती. "वाटेत थांबलास, बसलास, तर ते मांस जाईल. मला बाकी काही ऐकायचं नाही. पाठ दुखली तर मला सांगू नकोस."

ऑरिनने टोपी सारखी केली, करवत तिथेच ठेवली आणि कापलेल्या दोन बुंध्यांमधून तो पुढे गेला. तिसऱ्यावर त्याचंही पोट टेकलं. जांभळी सॅक उड्या मारत जळक्या काळ्या बुंध्यांमध्ये दिसेनाशी झाली.

व्हर्लीनने एका घोड्याचा झोळा उघडला आणि पहिली पिशवी आत ठेवली. दुसरी पिशवी उचलताना ती थांबली आणि ज्या बाजूला भाऊ गेला होता तिकडे तिने बघितलं.

"आर्डिस."

"हं."

"तुझं ओझं इथे उतरव. मी घेते ते घोड्यावर." तिने पिशवी छातीशी धरली. "आणि जा त्याच्यामागे. उचलू काही नकोस, हात लावू नकोस, एक औंससुद्धा नाही. नुसती बघ, तो आधी मांस खांद्यावर घेतो की शिंगं."